सरकीवरची लव आणि सैनिकाची बंदूक

मोर्शी-वरुड भागातले जुने शेतकरी पेरणीआधी सरकी शेणामातीत चोळून घेत असत. जिनमध्ये रुई निघाली तरी सरकीच्या अंगावर पांढरट, बारीक लव उरते. तिच्यामुळे सरक्या एकमेकींना चिकटतात आणि सरत्यातून सुट्या पडत नाहीत. म्हणून ही चोळणी. आता बियाणे आम्लात धुऊन, रंगवून पाकिटातून येते, त्यामुळे ही लव पेरणाऱ्याच्या हाताला लागत नाही. कापसाच्या व्यापारात तिला लिंटर म्हणतात. काही मिलिमीटर लांबीच्या या तंतूंचे सूत निघत नाही. पण स्वच्छ केल्यावर हे तंतू जवळजवळ निव्वळ सेल्युलोज असतात, आणि विसाव्या शतकातल्या रायफली आणि मशीनगन ज्या दारूवर चालल्या ती मुख्यतः कापसाच्या सेल्युलोजपासून बनत आली आहे.

बंदुकांचा इतिहास बहुधा संशोधकांच्या नावांनी सांगितला जातो: मॅक्झिम, ली, ब्राउनिंग, कलाश्निकोव्ह. ही माणसे थोर कारागीर होती यात शंका नाही. तरीही काडतुसात काय भरले होते आणि किती, हा धागा धरला तर शतकभरातली स्थित्यंतरे अधिक नीट उलगडतात, असे माझे मत आहे. वऱ्हाडातल्या वाचकाला तर हा धागा घरचाच वाटावा.

जुनी काळी दारू कोळसा, गंधक आणि सोरा यांची. ती पेटली की तिचा निम्म्याहून अधिक भाग वायू न होता घनरूपातच राहतो. त्यातला काही धुराच्या लोटातून बाहेर पडतो, काही नळीच्या आत थरावर थर जमवतो. पहिल्या फैरीनंतर समोरचे दिसेनासे होई आणि धुरामुळे आपली जागा शत्रूला कळे. काही डझन गोळ्या झाडल्या की नळी पुसून घ्यावी लागे. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारलेली मार्टिनी-हेन्री रायफल या दारूवर चाले. तिची शिशाची गोळी सुमारे ३१ ग्रॅमची, तिचा वेग सेकंदाला सुमारे ४०० मीटर. काळ्या दारूकडून याहून फार वेग मिळत नाही, म्हणून मार जबर करायचा तर गोळीच जड करावी लागे. जड गोळी म्हणजे खांद्याला बसणारा जबर धक्का आणि सैनिकाच्या कमरेला थोडीच काडतुसे.

स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथला रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन याने १८४६ मध्ये जाहीर केले की आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस काळ्या दारूपेक्षा कितीतरी जोराने जळतो, आणि मागे ना धूर राहतो ना राख. कारण असे की या प्रक्रियेत सेल्युलोजच्या रेणूला नायट्रोजन आणि ऑक्सिजनचे गट जोडले जातात. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन मग बाहेरच्या हवेतून आणावा लागत नाही. सगळा पदार्थ क्षणात वायू होतो. युरोपभर या गनकॉटनचे कारखाने निघाले आणि तितक्याच वेगाने उडालेही. इंग्लंडमधल्या फॅव्हरशॅमचा कारखाना १८४७ मध्ये स्फोटात कामगारांसह गेला. पिंजलेल्या कापसाला पृष्ठभाग अफाट, त्यामुळे तो बंदुकीत भरला तर नळी फुटे.

हा पेच फ्रान्सच्या पॉल व्हिएल याने १८८४ मध्ये सोडवला. त्याने गनकॉटनची तंतुमय रचनाच मोडली, त्याचा लगदा करून पातळ पत्रे लाटले आणि त्यांच्या चकत्या कापल्या. चुलीत पऱ्हाटीच्या काटक्या भुर्रकन जळून जातात आणि बाभळीचा ओंडका तासभर धगधगतो. जळण एकच, पण आकाराप्रमाणे वेग ठरतो. व्हिएलच्या चकत्यांचे तेच. ही दारू नळीच्या लांबीभर गोळीला मागून रेटत राहिली. १८८६ मध्ये फ्रेंच सैन्याच्या हाती ८ मिलिमीटरची लेबेल रायफल आली आणि युरोपातल्या बाकी साऱ्या सैन्यांच्या रायफली एका वर्षात जुन्या ठरल्या. १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये एबल आणि डिवर यांनी गनकॉटनमध्ये नायट्रोग्लिसरीन मिसळून दोरीसारखी ओढलेली दारू काढली. तिला कॉर्डाइट हे नाव पडले.

दारू बदलली आणि तिच्यामागोमाग बंदुकीतले सगळे बदलत गेले. वेग मिळू लागला म्हणून गोळी बारीक आणि हलकी झाली. काडतूस सडपातळ झाले म्हणून ते पेटीत एकावर एक रचणे सोपे झाले आणि मॅगझिन रूढ झाले. ब्रिटिशांची ली-मेटफर्ड आधी काळ्या दारूसाठी बनली होती. कॉर्डाइटच्या भयंकर उष्णतेने तिच्या नळीतल्या उथळ खाचा झिजून जाऊ लागल्या, म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डच्या कारखान्याने खोल खाचांची नळी काढली. ही ली-एनफिल्ड, आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ या नावाने गावोगाव ठाऊक असलेली रायफल. तिचे १९०७ सालचे रूप पुढे पन्नास वर्षे हिंदी सैनिकाच्या खांद्यावर होते. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या, प्रत्येक सुमारे ११ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर. कोलकात्याजवळ इशापूरला ती लाखोंनी बनली.

ती आपल्या सैनिकांना लगेच मिळाली मात्र नाही, आणि ही गोष्ट विसरू नये. १८५७ नंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुनी बंदूक ठेवण्याचे धोरण वर्षानुवर्षे पाळले. गोऱ्यांकडे मार्टिनी तर आपल्याकडे स्नायडर. गोऱ्यांकडे ली-मेटफर्ड तर आपल्याकडे मार्टिनी. जनतेच्या हातून तर १८७८ च्या शस्त्रकायद्याने बंदूक काढूनच घेतली होती. १९१४ मध्ये हिंदी सैन्य फ्रान्सला गेले तेव्हा मार्सेच्या बंदरात उतरल्यावर त्यांच्या हातातल्या जुन्या रायफली घेऊन नव्या दिल्या गेल्या. अनोळखी रायफल, अनोळखी थंडी, आणि काही आठवड्यांत समोर जर्मन मशीनगन.

मशीनगन हे बिनधुराच्या दारूचे खरे अपत्य. अमेरिकेत जन्मून लंडनला स्थायिक झालेल्या हायरम मॅक्झिमने १८८४ च्या सुमारास आपली तोफ दाखवली. प्रत्येक गोळीबरोबर खांद्याला जो धक्का बसतो तो वाया जातो, हे त्याने हेरले होते. त्या धक्क्याने नळी मागे सरकते, रिकामी पुंगळी काढते, स्प्रिंग ताणते. स्प्रिंग परतताना नवे काडतूस आत ढकलते. चाप दाबून धरला की मिनिटाला सुमारे ६०० गोळ्या. काळ्या दारूची काजळी या यंत्राला काही वेळातच जाम करी आणि धुरामुळे चालवणाऱ्यालाच समोरचे दिसत नसे. कॉर्डाइट मिळाल्यावर ते रणांगणात टिकाव धरू लागले. २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानात ओमदुरमानला मॅक्झिम, तोफा आणि नव्या रायफली यांच्यापुढे सुमारे दहा हजार सुदानी पडले. इंग्रजांच्या बाजूचे मेलेले पन्नासाच्या आत होते. वसाहतींवर चालवलेले हेच यंत्र अठरा वर्षांनी युरोपच्या पोरांवर चालले. १ जुलै १९१६ या एका दिवसात सोम नदीकाठी १९,२४० ब्रिटिश सैनिक मेले, त्यांतले कितीतरी मशीनगनच्या गोळ्यांनी.

पहिल्या महायुद्धात कापूस उघडउघड युद्धसाहित्य झाला. ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटनने तो निषिद्ध माल म्हणून जाहीर केला; जर्मनीकडे जाणारी जहाजे कापसासाठी अडवली जाऊ लागली. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी लाकडाच्या लगद्यापासून सेल्युलोज घेऊन गाडा हाकला. इंग्रजांची अडचण वेगळी होती. कॉर्डाइटचा लगदा करायला अ‍ॅसिटोन लागे आणि तेच अपुरे पडले. मँचेस्टरच्या खाइम वाइझमन याने धान्य आंबवून जिवाणूंकडून अ‍ॅसिटोन बनवून घेण्याची रीत काढली. हेच वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या रीतीने चालणारा एक कारखाना सरकारने आपल्या नाशिकलाही उभारला. दारूगोळ्याच्या साखळीत महाराष्ट्राची गावे अशी फार लवकर ओवली गेली. पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना तर १८६९ पासूनचा.

लिंटरची गरज आजही संपलेली नाही. युक्रेनचे युद्ध पेटल्यावर युरोपातल्या कारखान्यांना मोठी चणचण जाणवली ती याच लवेची, कारण त्यांचा बराचसा पुरवठा चीनमधून येतो. आणि आपल्याकडे? भारतात सरकीचे गाळप बहुतांशी लव न काढताच होते. ती लव ढेपेबरोबर म्हशीच्या पोटात जाते. मुंबईची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आणि तिचे नागपूरचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र लव आणि टरफल आधी वेगळे करून मग तेल काढण्याची पद्धत शिकवत आले आहेत. तेल जास्त निघते, ढेप चांगली होते आणि लिंटरला गिऱ्हाईक मिळते. फक्त दारूसाठीच नव्हे. शस्त्रक्रियेचा कापूस, उत्तम कागद, रंग, लॅकर या साऱ्यांना ते लागते. वऱ्हाडातल्या तेलगिरण्यांनी इकडे वळायला हवे असे मला तळमळीने वाटते.

आता पुन्हा रणांगणाकडे. मॅक्झिमची सुधारलेली आवृत्ती म्हणजे १९१२ ची व्हिकर्स. नुसती तोफ पंधरा किलोच्या घरात, तिवई वेगळी. काडतुसे २५० च्या कापडी पट्ट्यात. नळीभोवती पाण्याचे वेष्टण, त्यात सुमारे चार लिटर पाणी. सलग मारा केला की ते उकळे, आणि वाफ रबरी नळीने डब्यात नेऊन तिचे पुन्हा पाणी करत, म्हणजे वाफेचा लोट शत्रूला दिसू नये. एकाने चालवायची, दुसऱ्याने पट्टा धरायचा, बाकीच्यांनी पाणी, पट्टे आणि तिवई वाहायची, असे हे टोळीचे काम.

हे काम एका मराठी पलटणीची ओळख बनले. १८९२ नंतर इंग्रजांनी महार समाजाची भरती बंद केली होती. १९१७ मध्ये गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय सरकारपुढे सतत मांडला. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी नागपूरशेजारच्या कामठीला. ऑक्टोबर १९४६ मध्ये संपूर्ण रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट करण्यात आली आणि तिचे केंद्र कामठीला आले. ज्यांना काल-परवापर्यंत बंदूकच नाकारली होती, त्यांच्या हाती पायदळातले सर्वांत अवघड यंत्र आले. मशीनगन पलटणीच्या कंपन्या वेगवेगळ्या ब्रिगेडना जोडून देत, त्यामुळे १९४७-४८ च्या काश्मीर युद्धात अनेक रेजिमेंटांच्या चढाईला महार तोपचींच्या माऱ्याचा आधार होता. पुढे केंद्र मध्य प्रदेशात सागरला गेले आणि १९६० च्या दशकात बटालियन साध्या पायदळात बदलल्या. पण रेजिमेंटच्या मानचिन्हावर एकमेकींना छेदणाऱ्या दोन व्हिकर्स मशीनगन आजही आहेत. विदर्भातल्या कितीतरी घरांत भिंतीवरच्या फोटोतल्या टोपीवर हे चिन्ह दिसते.

मशीनगनपुढे धावत जाणे म्हणजे काय, हे दुसऱ्या मराठी पलटणीने इटलीत दाखवले. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांची तुकडी मशीनगनच्या माऱ्यात सापडली. घाडगे सोडून सगळे पडले. ते एकटे धावत गेले. हातबाँबने तोफ आणि तोपची निकामी केला, टॉमीगनने एकाला टिपले. मॅगझिन बदलायला वेळ उरला नाही तेव्हा तीच बंदूक नळीकडून धरून दोघांना लोळवले. नंतर लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. रायगड जिल्ह्याच्या माणगाव तालुक्यातल्या या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

घाडगेंच्या हातातली टॉमीगन पिस्तुलाची गोळी झाडे. तिला जवळचा मार उत्तम, लांबचा जवळजवळ नाही. थ्री नॉट थ्रीचे काडतूस उलट टोकाचे: तिच्या दर्शिकेवर दोन हजार यार्डांपर्यंतच्या खुणा होत्या, पण प्रत्यक्ष चकमकी बहुधा तीनशे मीटरच्या आतच होत. मग इतकी दारू कशाला? हा प्रश्न जर्मनांनी युद्धातच सोडवला. आखूड काडतूस, मधल्या ताकदीचे, आणि त्यावर सलग मारा करणारी रायफल. सोव्हिएत संघात मिखाइल कलाश्निकोव्हची १९४७ ची रायफल याच विचाराची. ती १९४९ मध्ये सैन्यात आली. काडतुसाचे वजन पंचवीस ग्रॅमवरून सोळा-सतरावर आले. धक्का इतका कमी झाला की सलग माऱ्यातही बंदूक हातात राहू लागली.

भारताला या बदलाची किंमत १९६२ मध्ये कळली. हिमालयात आपले जवान प्रत्येक गोळीला खटका मागे-पुढे करणारी थ्री नॉट थ्री घेऊन उभे होते. चिनी सैनिकांकडे आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. पराभवाची कारणे बरीच होती, पण हे एक होते. यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत कारखाने वेगाने उभे राहिले. १९६४ मध्ये जळगाव जिल्ह्यात वरणगाव काडतुसांसाठी आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगर दारूसाठी. १९६६ मध्ये नागपूरचे अंबाझरी. जवानाच्या हाती बेल्जियन धर्तीची ७.६२ मिलिमीटरची एसएलआर आली. इथे नळीतल्या वायूचा थोडासा भाग एका छिद्रातून घेऊन दट्ट्या ढकलतात आणि पुढची गोळी आपोआप भरली जाते. एसएलआर भक्कम होती, लांबवर अचूक होती. पण काडतूस जुन्याइतकेच जड, म्हणजे वाहायच्या गोळ्या तेवढ्याच.

श्रीलंकेच्या जंगलात हे उणे पुन्हा उघडे पडले. तिथे शांतिसेना म्हणून गेलेल्या आपल्या जवानांच्या एसएलआरसमोर बंडखोरांची कलाश्निकोव्ह होती. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी आठव्या महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांनी, छातीत गोळी लागलेली असताना, हल्लेखोराच्या हातातली रायफल हिसकावून त्याच्यावरच झाडली. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याला परमवीर चक्र मिळाले. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांकडे पुन्हा तीच थ्री नॉट थ्री होती आणि समोर कलाश्निकोव्ह. गिरगाव चौपाटीवर सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्याकडे तर नुसती लाठी होती. त्यांनी दहशतवादी कसाबच्या रायफलीची नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण ती सोडली नाही. शौर्य शस्त्राची उणीव भरून काढते असे आपण अभिमानाने म्हणतो. ती उणीव ठेवणाऱ्यांना त्यामुळे सूट मिळते, हे मला मान्य नाही.

एसएलआरची जागा घेणारी इन्सास रायफल पुण्याच्या पाषाण भागातल्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास संस्थेत, म्हणजे एआरडीईत, घडली. काडतूस ५.५६ मिलिमीटरचे, गोळी सुमारे ४ ग्रॅमची, सगळे मिळून वजन १२ ग्रॅम. एसएलआरच्या एका काडतुसाच्या वजनात इथे दोन येतात. गोळ्या वाया जाऊ नयेत म्हणून सलग माऱ्याऐवजी चाप दाबला की तीन गोळ्या सुटत. १९९९ च्या कारगिल युद्धात ती वापरली गेली; थंडीत तिच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारीही आल्या. इन्सासवर टीका पुष्कळ झाली आणि तिच्यातली बरीच रास्त होती. तरीही थ्री नॉट थ्री, एसएलआर या परदेशी आराखड्यांनंतर आपल्या माणसांनी, आपल्या गरजा मांडून केलेले हे पहिले पायदळी शस्त्रकुटुंब. त्याच कामातून इथले अभियंते तयार झाले. आता सैन्य पुन्हा ७.६२ कडे वळले आहे. २०१९ पासून अमेरिकेतली सिग ७१६ आली आणि पुढे उत्तर प्रदेशात अमेठीजवळ एके-२०३ बनू लागली.

या साऱ्यामागचे काम कारखान्यांत चालते, आणि ते कधीच निर्धोक नसते. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार गेले. फॅव्हरशॅमपासून भंडाऱ्यापर्यंत या दारूने तिच्या कामगारांचे बळी घेतले आहेत, आणि शस्त्रांवरच्या पुस्तकांत त्यांना जवळजवळ जागा नाही.

सैनिकांच्या आठवणींचीही तीच गत. कामठीला व्हिकर्स शिकलेले जवान आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले असतील. एसएलआर खांद्यावर घेऊन १९७१ च्या युद्धाला गेलेले सत्तरीच्या पुढे आहेत. मोर्शी असो, अचलपूर असो की मूर्तिजापूर, तुमच्या गावात असा माजी सैनिक असेल तर त्याच्याजवळ बसा. कोणती बंदूक मिळाली, किती गोळ्या वाहाव्या लागल्या, कुठे ती अडली, कुठे तिने साथ दिली, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, आणि त्या वहीची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.